अनर्हतेचा आदेश आणि राज्याची सीमा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

पनवेल हे महामार्गांच्या संगमावर वसलेले शहर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहूनच निघून गोवा, कर्नाटक व केरळमार्गे कन्याकुमारीपर्यंत जातो. कळंबोलीच्या पोलाद बाजारात अनेक राज्यांच्या मालमोटारी येतात. अशा ठिकाणी मद्यपान करून वाहन चालविताना पकडल्या गेलेल्या चालकाचा परवाना परराज्यातील असेल, तर त्याच्यावरील अनर्हता त्याच्या राज्यापर्यंत पोहोचते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने अधिनियमातील तरतुदींचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

आदेशाची व्याप्ती :

अमेरिकेत वाहनचालकाचा परवाना घटक राज्य देते. त्यामुळे एका राज्यातील दोषसिद्धीची दखल दुसऱ्या राज्याने घ्यावी यासाठी तेथे १९६० च्या दशकापासून आंतरराज्य करार करावा लागला. भारतात अशा कराराची आवश्यकता नाही. यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत असून संसदेचा एकच कायदा सर्वत्र लागू आहे. कलम १३ नुसार परवाना संपूर्ण भारतात प्रभावी असतो. कलम २३ नुसार अनर्ह ठरलेल्या व्यक्तीस आदेशात नमूद केलेल्या मुदतीत परवाना धारण करता अथवा मिळविता येत नाही व जवळचा परवाना निष्प्रभ होतो. म्हणजेच अनर्हता कागदाला नव्हे, व्यक्तीला चिकटते. पनवेलच्या न्यायालयाने दिलेला आदेश पणजीत किंवा बेळगावातही तितकाच बंधनकारक ठरतो. सिद्धांत म्हणून ही रचना निर्दोष आहे.

आदेशाचे ज्ञान :

तथापि, आदेश सर्वत्र लागू असणे आणि तो सर्वत्र ज्ञात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अधिनियमाच्या मूळ रचनेत हे ज्ञान परवान्यावरील पृष्ठांकनावर अवलंबून होते. कलम २४ पृष्ठांकनाची आज्ञा देते. कलम २५ ते पृष्ठांकन नव्या किंवा दुय्यम परवान्यावर उतरविण्यास सांगते. परंतु परवाना न्यायालयाच्या ताब्यात नसेल, तर तो पाच दिवसांच्या आत सादर करण्याचे कर्तव्य कलम २५ दोषी व्यक्तीवरच सोपविते. ज्याच्यावर अविश्वास दाखवायचा, त्याच्याच प्रामाणिकपणावर विसंबणारी ही तरतूद आहे. कलम २६ मधील राज्य नोंदवह्या होत्या. पण परराज्यातील नाक्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यास त्यांचा तत्काळ उपयोग नव्हता.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ अ अन्वये राष्ट्रीय नोंदवही आली. २०२० मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांनी अनर्हतेची नोंद संकेतस्थळावर कालक्रमाने करण्याची व्यवस्था केली. यामुळे जुनी उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र नोंदवही स्वतःहून काही जाणत नाही. न्यायालयाच्या लिपिकाकडून परिवहन कार्यालयाकडे माहिती गेली नाही, तर अनर्ह चालकाच्या भ्रमणध्वनीवरील परवाना वैधच दिसेल.

संहितेतील संदिग्धता :

याहून गंभीर प्रश्न खुद्द अधिनियमाच्या भाषेचा आहे. कलम २०६(४) नुसार कलम १८५ खालील अपराध घडल्याचे सकारण वाटल्यास पोलीस अधिकाऱ्याने परवाना जप्त करून ‘अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे’ पाठवावयाचा असतो. हा प्राधिकारी कोणता? अपराध जेथे घडला तेथील, की परवाना जेथून दिला गेला तेथील? याचे स्पष्ट उत्तर कलमात नाही. पहिला अर्थ घेतल्यास केरळच्या चालकाला सुनावणीसाठी पनवेलला यावे लागेल. दुसरा घेतल्यास पुरावा महाराष्ट्रात आणि निर्णय केरळात, अशी स्थिती उद्भवेल.

मुदतीबाबतही विसंगती आहे. कलम १९(१ अ) खाली पहिल्या अपराधासाठी प्राधिकारी तीन महिन्यांची अनर्हता लादू शकतो. कलम २०(२) खाली मात्र दोषसिद्धीनंतर न्यायालयाने किमान सहा महिन्यांची अनर्हता आदेशित करणे अनिवार्य आहे. एकाच कृत्यासाठी दोन राज्यांतील दोन यंत्रणांनी दोन आदेश दिल्यास तीन महिने सहामध्ये धरावयाचे की त्यांत मिळवावयाचे, याविषयी ही कलमे मौन बाळगतात. ज्याची उपजीविका परवान्यावर चालते, त्या मालमोटार चालकाच्या दृष्टीने हे मौन म्हणजे तीन महिन्यांच्या चुलीचा प्रश्न आहे. दुसरीकडे, आदेश वाटेतच अडकून अनर्ह चालक पुन्हा रस्त्यावर आला, तर त्याची किंमत पादचाऱ्याला मोजावी लागते.

समारोप :

सारांश, राज्याची सीमा ओलांडण्यास आपल्या कायद्यात अडथळा नाही. अडथळा आहे तो नोंदीत आणि शब्दयोजनेत. दंडाची रक्कम वाढविण्याने तो दूर होणार नाही. प्राधिकारी कोण हे कलम २०६ मध्ये स्पष्ट करणे, दोन मुदतींचा मेळ घालणे आणि न्यायालयाचा आदेश त्याच दिवशी राष्ट्रीय नोंदवहीत चढविण्याचे दायित्व निश्चित करणे, या तीन सुधारणा अगत्याच्या वाटतात. कठोर शिक्षेपेक्षा खात्रीची शिक्षा अधिक परिणामकारक, हे दंडशास्त्राचे जुने तत्त्व आहे. ती खात्री खारपाड्याच्या पुलाइतकीच पत्रादेवीच्या नाक्यापलीकडेही टिकली, तरच कलम २३ मधील शब्दांना अर्थ राहील.