मदरबोर्डच्या परीक्षणांचे परीक्षण

माझा पुतण्या नागपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खेळांसाठी संगणक जुळवायचा आणि त्यातील प्रोसेसर 'ओव्हरक्लॉक' करायचा, म्हणजे नेमून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालवायचा, असा त्याचा बेत. मदरबोर्ड ठरवण्यासाठी त्याने दहा-बारा परीक्षणे जमवली आणि मला विचारले, "काका, यातला सोळा फेजचाच घेऊ ना?" मी ती सगळी वाचली. माझे मत बोर्डांपेक्षा परीक्षणांविषयीच अधिक बनले, आणि ते फारसे चांगले नाही.

आधी फेज म्हणजे काय ते पाहू. पॉवर सप्लायकडून बोर्डाला 12 व्होल्ट मिळतात; प्रोसेसरला लागतात साधारण 1.3 व्होल्ट. ही उतरण करणारे मंडल प्रोसेसरच्या सॉकेटलगत असते. प्रोसेसर 200 वॉट घेत असेल, तर 1.3 व्होल्टला विद्युतधारा होते सुमारे 154 अँपिअर. आपल्या गिझरचे सॉकेट 16 अँपिअरचे असते हे लक्षात घ्या! रोधामुळे निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एक वाट दहा समान वाटांत विभागली, तर प्रत्येकीतील उष्णता शंभरावा भाग उरते आणि सर्वांची मिळून दहावा भाग. या वाटा म्हणजेच फेज. तेव्हा त्यांना महत्त्व आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो खोक्यावरील आकड्याशी. काही बोर्डांत एकाच नियंत्रण-संकेतावर दोन वाटा जोडतात आणि मोजताना दोन फेज म्हणतात. प्रत्येक वाटेतील ट्रान्झिस्टर किती धारा पेलतात, त्यांच्यावरील ॲल्युमिनिअमचा तुकडा हवा खेळण्याजोगा खाचांचा आहे की शोभेचा ठोकळा, हे त्या आकड्यातून कळत नाही. चांगल्या ट्रान्झिस्टरांच्या आठ फेज सुमार सोळांना मागे टाकू शकतात. परीक्षकाने नेमके हेच उलगडायला हवे. पुष्कळ ठिकाणी खोक्यावरचाच मजकूर नव्या शब्दांत येतो.

याहून गंभीर गोष्ट तापमानाची. पुतण्याने आणलेल्या काही परीक्षणांत या मंडलाचे तापमान दिले होते, पण खोलीचे तापमान दिले नव्हते. बोर्ड टेबलावर उघडा, चाचणी काही मिनिटांची. आमच्या प्रयोगशाळेत असे वाचन कोणी आणले तर त्याला परत पाठवतात. खोली 22 अंशांवर असताना मंडल 75 अंशांवर असेल, तर मे महिन्यात नागपूरच्या 40 अंशांच्या खोलीत ते 93 च्या आसपास जाईल. बंद कॅबिनेटमध्ये आणखी वर.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये ही उष्णता झपाट्याने वाढते. प्रोसेसरची शक्ती ढोबळमानाने वारंवारता गुणिले विभवांतराचा वर्ग या प्रमाणात बदलते. वारंवारता 5 वरून 5.5 गिगाहर्ट्झ केली आणि त्यासाठी विभवांतर 1.2 वरून 1.35 व्होल्ट करावे लागले, तर वेग वाढला 10 टक्के आणि उष्णता सुमारे 39 टक्के. (अकरावीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवून घेण्यासारखे आहे.)

पूर्वी हे गणित खरोखर लाभाचे होते. 1998 साली आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए घ्या. त्याचा गुणक 4.5 ला कुलूपबंद होता. 66 मेगाहर्ट्झच्या बसवर 300 मेगाहर्ट्झ. आबिट बीएच6 या बोर्डावर बसचा वेग आणि विभवांतर कळफलकावरून बदलता येई. बस 100 वर नेली की तोच प्रोसेसर 450 ला चाले, पुष्कळदा किरकोळ विभवांतर वाढवून. गंमत म्हणजे 83 पेक्षा 100 अधिक सुरक्षित! 100 ला तीनने भागून पीसीआय मार्गाला त्याचे नेहमीचे 33 मिळत; 83 ला दोनने भागून 41.5 मिळत आणि हार्डडिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका असे. निवड बोर्डाचीच होती, पण कसोटी भागाकाराची होती.

पुढे 2000 च्या सुमारास अनेक उत्पादकांच्या बोर्डांवरील कॅपॅसिटर (धारित्रे) फुगून फुटू लागले. आतील द्रवाच्या रसायनात दोष होता, त्यातून वायू निर्माण होई. आबिटचे बोर्डही यातून सुटले नाहीत. दोन-चार दिवसांच्या परीक्षणात हे दिसणे शक्यच नव्हते.

अलीकडचे दाखले तर बोर्डाच्या 'आपोआप' मांडणीचे आहेत. 2023 मध्ये एएमडीचे काही रायझन 7000 एक्स3डी प्रोसेसर सॉकेटसह जळाले. त्यानंतर एका विभवांतरावर 1.3 व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. जादा विभवांतर हे कारण इंटेलने मान्य केले. त्याआधीच, अनेक बोर्ड मुळातच इंटेलने सुचवलेल्या शक्तिमर्यादा ओलांडून चालतात, हे उघड झाले होते. अशा बोर्डाला वेगाच्या तक्त्यात वरचा क्रमांक मिळतो! परीक्षक त्याला गुण देतात, मी वजा करीन.

पुतण्याला मी एवढेच सांगितले: इंटेल घेणार असशील तर प्रोसेसरच्या नावात 'के' आणि चिपसेटच्या नावात 'झेड' बघ, नाहीतर गुणक हलणारच नाही, एएमडीचे 'बी' चिपसेटही चालतात, 'ए' नाही. मग उष्माशोषक बघ. बायोसची सुधारित आवृत्ती कंपनी किती वर्षे देते ते बघ. त्याने बारा फेजचा बोर्ड घेतला आणि वाचलेल्या पैशांत कॅबिनेटला दोन पंखे. माझा एक थर्मामीटरही तो घेऊन गेला आहे. मे महिन्यात खोलीचे आणि बोर्डाचे तापमान शेजारी-शेजारी लिहून पाठवणार आहे.