लोकसंख्या, पाणी आणि वाटप : तीन उपपत्तींची लातूर-नांदेडच्या संदर्भात चिकित्सा

लोकसंख्या व साधनसंपत्ती यांच्या परस्परसंबंधाविषयी जे विचार मांडले गेले आहेत, त्यांची स्थूलमानाने तीन कुळे पाडता येतात. लोकसंख्या भूमितिश्रेढीने वाढते, अन्नोत्पादन मात्र गणितश्रेढीने, असे टॉमस माल्थसने 1798 मध्ये प्रतिपादिले. पॉल अर्लिक (1968) आणि ‘क्लब ऑफ रोम’साठी 1972 साली सिद्ध झालेला अहवाल यांनी त्याच चिंतेला नवे रूप दिले. याउलट, दाटी वाढली म्हणजेच माणूस शेतीची पद्धती सुधारतो, असे एस्टर बोझरप हिने 1965 मध्ये दाखविले. तिसरे मत अमर्त्य सेन यांचे (1981). धान्य उपलब्ध असूनही ते मिळविण्याचा अधिकार नसल्याने माणसे उपाशी मरतात, हे त्याचे सार होय. या मतांचे मूल्य केवळ तर्काने ठरत नाही. एखाद्या प्रदेशाच्या अनुभवावर ती घासून पाहावी लागतात.

अशी कसोटी मराठवाड्यात सहज उपलब्ध आहे. 2001 ते 2011 या दशकात लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 20.8 लाखांवरून 24.5 लाखांवर, तर नांदेडची 28.8 लाखांवरून 33.6 लाखांवर गेली. वाढीचा वेग दोहोंकडे जवळपास सारखा, आणि माणसे नांदेडला अधिक. तरीही एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती लातूरला. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. 2011 च्या जनगणनेतील शहराच्या 3.8 लाख वस्तीने त्यास भागले, तर दरडोई सव्वा लिटरच्या आसपास पाणी येते. पुढे गाड्या 25 लाख लिटरच्या झाल्या, तेव्हाही हा वाटा साडेसहा लिटरच राहिला. नांदेड गोदावरीकाठी वसले असून विष्णुपुरीचा जलाशय शहरालगत आहे. लातूरची भिस्त मांजरा नदीवरील धनेगावच्या धरणावर होती, आणि ते कोरडे पडले होते. तेव्हा डोक्यांच्या संख्येवरून टंचाईचे अनुमान काढणारी उपपत्ती येथे प्रथमदर्शनीच अपुरी ठरते.

बोझरपच्या मताची गतही फारशी निराळी नाही. लातूर परिसरात शेतीचे सघनीकरण झाले हे खरे. पण ते ऊस आणि कूपनलिका यांच्या मार्गाने झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठविण्याची शक्ती मुळातच थोडी. त्यामुळे विंधनाची खोली वाढत गेली, साठा मात्र वाढला नाही. प्रवाही सिंचनावरील एक हेक्टर उसास हंगामभरात पावसासह सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. हे प्रमाण 25 लाख लिटरच्या आठ गाड्यांएवढे आहे. दररोज शंभर लिटर या हिशेबाने त्यात सुमारे साडेपाचशे माणसांची वर्षभराची गरज भागते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने 1999 मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस टाळावा असे सुचविले होते. सघनीकरण कोणत्या पिकाचे व कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न बोझरपच्या मांडणीत गौणच राहतो.

या वैचारिक मतभेदाचे परिणाम सामान्य माणसाच्या देहापर्यंत पोहोचतात, हे विसरता कामा नये. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात त्याच विषयाचा ठराव मांडला. या दोन्ही प्रयत्नांत संततिनियमन हे व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, मुक्तीचे साधन मानले होते. 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, तेव्हा ही भूमिका पालटली. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या वेळचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण नांदेडचे, आणि पाटबंधारे खात्याचे मंत्री या नात्याने धरणांचा पुरस्कार करणारेही तेच. धरणाने साधन वाढवावे आणि कायद्याने माणसे आवरावीत, ही दोन्ही सूत्रे एकाच कारकीर्दीत नांदली. त्यांच्यामधला वाटपाचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी दिले. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसाशी जोडला गेला. दरडोई अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल इतके पाणी, भूमिहीनांसही वाटा आणि उसास मज्जाव, असे तिचे नियम होते. माल्थसच्या गणितात डोई म्हणजे भार. येथे तीच हक्काचे माप झाली. कमाल मर्यादेमुळे मोठ्या कुटुंबास अमर्याद लाभही मिळेना.

तथापि सेन यांच्या मताचा आधार घेऊन मर्यादेचा विचारच निकालात काढणे अयोग्य होईल. वाटपाच्या न्यायाने पाऊस पडत नाही; कोरड्या धरणाची न्याय्य विभागणी करता येत नाही. माल्थसच्या विचारातील टिकाऊ अंश हाच, की साधनास सीमा असते. परंतु 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7, म्हणजे प्रतिस्थापनाच्या 2.1 या पातळीहून खाली, आढळला. जन्म घटत असताना ज्या प्रदेशात तहान कायम राहते, तेथे दोष पाळण्यात शोधणे हा विश्लेषणाचा आळस होय. मांजरा खोऱ्यापुरते तरी संशोधनाचे पहिले एकक दरडोई पाणी हे न धरता दरपीक व दरधारक पाणी हे धरले पाहिजे.