उपशीर्षकाविना चाउक: ‘ला हाउला दे ओरो’मधील न सांगितलेले

दिएगो केमादा-दिएस यांच्या ‘ला हाउला दे ओरो’ (२०१३) या चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘सोन्याचा पिंजरा’. ग्वातेमालातली किशोरवयीन मुले मालगाड्यांच्या टपांवर बसून मेक्सिको ओलांडतात आणि अमेरिकेच्या सीमेकडे जातात, एवढेच कथानक. निघण्यापूर्वी सारा केस कापते, छाती आवळून बांधते आणि मुलगा होते. वाटेतले भय एवढ्यातच कळते.

वाटेत भेटलेला चाउक त्सोत्सिल बोलतो. ही चियापासच्या डोंगराळ मुलखातली, माया कुळातली भाषा. स्पॅनिश संवादांना उपशीर्षके आहेत, चाउकच्या बोलण्याला मात्र नाहीत. याकडे निव्वळ शैलीचा भाग म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. हुआनला चाउक कळत नाही, म्हणून तो त्याला तुच्छ लेखतो. उपशीर्षके असती तर आपण हुआनपेक्षा शहाणे ठरून त्याचा न्याय करत बसलो असतो. ती सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही.

हाच नियम साराच्या बाबतीत फार कठोर होतो. हत्यारबंद माणसे तिला ओळखतात, घेऊन जातात आणि ती पुन्हा पडद्यावर येत नाही. तिचे काय झाले हे मुलांना कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. केमादा-दिएस यांनी केन लोच यांच्याकडे कॅमेरा-सहायक म्हणून काम केले होते. प्रसंग कथेच्याच क्रमाने चित्रित करण्याची लोच यांची पद्धत त्यांनी इथे वापरली. पुढचे ठाऊक नसणे म्हणूनच या मुलांच्या चेहऱ्यांवर खरे वाटते.

या पद्धतीची किंमतही आहे. भाषा बंद ठेवल्यामुळे चाउक कधीकधी ‘निसर्गाच्या जवळचा, मुका-शहाणा आदिवासी’ या साच्यात जाऊन बसतो. हा साचा आपल्याही साहित्यात कमी नाही. त्याला राग, क्षुद्रपणा, लबाडी थोडी अधिक मिळायला हवी होती.

तरी एक त्सोत्सिल शब्द आपल्याला मिळतो: ‘ताइव’, म्हणजे बर्फ. चित्रपटात मधूनमधून अंधारातून बर्फ पडताना दिसतो. कोणाच्या मनातला, ते सांगितलेले नाही. सीमा ओलांडल्यावर चाउक गोळी लागून पडतो. हुआन एकटाच पोहोचतो आणि मांसाच्या कारखान्यात जमिनीवर पडलेले तुकडे गोळा करतो. कारखान्याबाहेर रात्री बर्फ पडू लागतो. हुआन मान वर करून पाहतो. तो काहीच बोलत नाही, पण तोवर तो शब्द आपल्याला येत असतो.