वाऱ्याची फणी

पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चौक येतो. उंच चौथरा, भोवती लोखंडी साखळ्या, वर कुणी थोर पुरुष, आणि जयंतीला शिडी लावून घातलेला हार. ऊन, वारा, पाऊस यांच्याशी त्या पुतळ्याचे नाते एकच, सोसण्याचे. परंतु वारा आणि लाटा हेच ज्याचे अर्धे द्रव्य आहे, असे शिल्प असू शकेल काय? स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सान सेबास्तियान नावाचे बास्क लोकांचे शहर आहे. तेथे १९७७ साली पुऱ्या झालेल्या एका शिल्पाने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्याचे नाव ‘वाऱ्याची फणी’, आणि शिल्पकार त्याच शहरात जन्मलेला एदुआर्दो चिलिदा.

शहराची चौपाटी संपते, रस्ताही संपतो, आणि इगेल्दोच्या डोंगराचा कडा सरळ समुद्रात उतरतो. त्या ठिकाणी खडकांत पोलादाचे तीन आकार रोवलेले आहेत. एक अलीकडच्या खडकात, दुसरा त्याच्या समोर आणि तिसरा दूर, लाटांनी वेढलेल्या एकाकी कातळात. प्रत्येकाचे वजन सुमारे १० टन. खडकातून जाड, चौकोनी दांडे बाहेर येतात, फाटे फुटून वळतात आणि मिटता मिटता थांबलेल्या बोटांसारखे अर्धवट उघडे राहतात. त्यांच्या पकडीत काहीच नाही. प्रथम पाहणाऱ्याला वाटावे, एवढ्या पोलादाचे प्रयोजन काय?

प्रयोजन नावातच आहे. आई मुलीचे केस विंचरते तेव्हा फणीचे दात आपल्याला दिसतात. पण केस जातात ते दातांमधल्या फटींतून. चिलिदाने घडविली आहे ती ही फट. पोलाद ही तिची केवळ चौकट. समुद्रावरून मोकाट येणारा वारा शहरात शिरण्यापूर्वी येथे जणू विंचरला जातो. उघड्या कातळावर वारा दिसायला ना झाडाचे पान, ना शीड. त्या रिकाम्या पंजांमुळेच आपल्याला त्याची वाट दिसू लागते.

चिलिदा तरुणपणी तेथल्याच रेआल सोसिएदाद या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. मग माद्रिदला वास्तुकलेचे शिक्षण घेतले, तेही अर्ध्यावर सोडून तो शिल्पाकडे वळला. मला या चरित्रात एक सूत्र दिसते. गोलरक्षकापुढे असते ती एक मोकळी जागा, आणि त्या जागेतून काय, कोठून, किती वेगाने येणार याचा अदमास घेणे हाच त्याचा धर्म. येथेही त्याने तेच केले. समुद्रापुढे तो हात पसरून उभा राहिला, फरक एवढाच की येणाऱ्याला अडविले नाही.

अलेक्झांडर काल्डरची हलती शिल्पे वाऱ्याने डोलतात. ती मोहक आहेत, पण त्यांत आपले लक्ष डोलणाऱ्या पत्र्याकडे जाते. चिलिदाचे पोलाद तसूभरही हलत नाही, म्हणूनच त्याच्याभोवतालचे सारे काही हलते आहे हे जाणवते.

शिल्पापुढचे गुलाबी ग्रॅनाइटचे पायऱ्यापायऱ्यांचे प्रांगण लुईस पेन्या गांचेगी या वास्तुशिल्पज्ञाचे. त्याच्या फरशीत सात भोके आहेत. खाली लाट शिरली की कोंडलेली हवा हुंकार देत वर येते, आणि समुद्र खवळलेला असेल तेव्हा पाण्याचे फवारेही उडतात. ही जत्रेतली गंमत झाली, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच खोटा नाही; त्या गंभीर पोलादाशेजारी हे कारंजे थोडे थिल्लर वाटते. पण तेथे पोरे ओरडत पळतात, म्हातारी माणसे दचकून हसतात. सार्वजनिक कलेला एवढा दोष शोभून दिसतो.

याच्याशी ताडून पाहावे असे दुसरे शिल्प इंग्लंडात लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी किनाऱ्यावर आहे. अँटनी गॉर्मलीने स्वतःच्या देहाचे साचे घेऊन ओतलेली १०० बिडाची माणसे २००५ सालापासून तेथे सुमारे ३ किलोमीटरच्या वाळूत, समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. भरती त्यांना बुडविते, ओहोटी उघडे करते. अंगावर बारीक कवचांच्या जिवांची पुटे चढतात. दृश्य काळजाला हात घालणारे खरे, पण त्यात आपण पुन्हा माणसाचीच कीव करतो. समुद्र होतो त्याच्या दुःखाची पार्श्वभूमी. चिलिदाच्या शिल्पात माणूस नाही. म्हणून वाऱ्याला वारा म्हणून उभे राहता येते.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तेव्हा वाऱ्याच्या वेगाची चर्चा झाली, बांधणीतल्या दोषांचीही झाली. पुढच्या वर्षी तेथे अधिक उंच पुतळा उभा राहिला. मला मात्र त्या चर्चेत एक गोष्ट सलत राहिली. तिच्यात वारा आला तो आरोपी म्हणून.

आणि समोरच पाण्यात सिंधुदुर्ग आहे. १६६४ साली महाराजांनी तो बांधावयास घेतला. त्याचा तट खडकाच्या कडेने नागमोडी वळत जातो, आणि साडेतीन शतकांच्या लाटा खाऊन तो उभा आहे. तो बांधणाऱ्यांनी समुद्राला आधी विचारले असले पाहिजे, ‘तू कोठून येतोस?’ चिलिदाने वाऱ्याला विचारले तेही हेच. पुतळा किती फुटांचा, हे ठरविण्यापूर्वी आपणही एवढे विचारायला काय हरकत आहे?