पाद्री, याजक की पाळक? : खानदेशातून एक वाचन

ख्रिस्ती धर्मसेवकाला मराठीत एक नाव नाही. जळगावच्या आमच्या गल्लीत त्याला सरसकट 'पाद्री' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज. मुळात अर्थ 'बाप', पण आपल्या बोलण्यात त्याला संशयाचा वास लागलेला. पाद्री म्हणजे बाटवणारा, एवढीच बहुतेकांची समजूत. चर्चमध्ये बसणारी माणसे मात्र हा शब्द क्वचितच वापरतात. कॅथलिक घरांत 'फादर' म्हणतात, लिहिताना 'धर्मगुरू'. प्रॉटेस्टंट मंडळीत 'पाळक' किंवा आदराने 'पाळकसाहेब'. एकाच माणसाला समाजाबाहेर एक नाव आणि आत दुसरे, असे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

नावांतला फरक वरवरचा नाही. कॅथलिक परंपरेत गुरुदीक्षा हा सात संस्कारांपैकी एक. दीक्षित धर्मगुरू वेदीवर मिस्सा अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो आणि अविवाहित राहतो. तो 'याजक' आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मांडले, की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकच आहे. देव आणि माणूस यांच्यामध्ये दुसरा मध्यस्थ नको. मग धर्मसेवक कशाला? वचन शिकवायला, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी चालवायला आणि माणसे सांभाळायला. 'पाळक' हा शब्द या तिसऱ्या कामातून आला. मेंढपाळातला 'पाळ' त्यात आहे, तसे आपले 'पालनपोषण'ही आहे.

खानदेशात हे दोन्ही प्रवाह आहेत. धुळे, जळगाव आणि 1998पर्यंत धुळ्याचाच भाग असलेले नंदुरबार हे जिल्हे 1987 साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. प्रॉटेस्टंट बाजूला विसाव्या शतकाच्या आरंभापासून परदेशी मिशनांनी मंडळ्या उभ्या केल्या. त्यांत भिल्ल, मावची यांसारख्या आदिवासी समाजांतली माणसे मोठ्या संख्येने आली. अशा मंडळीत पाळकाचे काम रविवारच्या प्रवचनाशी संपत नाही. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार तो लग्न लावतो आणि त्याची नोंद ठेवतो. बारशापासून मूठमातीपर्यंत घरातल्या प्रत्येक प्रसंगी तो हजर असतो. एका माणसाच्या हाती एवढे आले, की आधार आणि अधिकार यांतली रेघ पुसट होते. पाळकपणाची खरी कसोटी तिथेच लागते.

या कसोटीसाठी मला जळगावातच घडलेला एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. 1907 साली येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटल्या आणि तो 'बालकवी' झाला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळकही होते, आणि त्यांना धर्मसेवकाची दीक्षा मिळून जेमतेम तीन वर्षे झाली होती, याकडे मात्र आपण केवळ वाङ्मयीन तपशील म्हणून पाहतो. पुढे ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखे वागवले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, तरी त्या घरातली त्यांची जागा गेली नाही. 'पाद्री' या शब्दाला चिकटलेल्या समजुतीला याहून स्वच्छ उत्तर मला ठाऊक नाही.

म्हणूनच 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' मी आणखी एका अंगाने वाचतो. समीक्षेने त्या पुस्तकात संसार पाहिला, विनोद पाहिला, एका स्त्रीचे घडणे पाहिले. ते सारे खरेच. पण मराठीत धर्मसेवकाचे पद स्वयंपाकघरातून पाहणारे असे पुस्तक दुसरे नाही. टिळक घरातले उचलून कुणालाही देऊन टाकतात, अनोळखी माणूस पंगतीला आणून बसवतात. त्या औदार्याचा हिशेब बाईंना पुरा करावा लागतो. विवाहित पाळकाचे पालन एकट्याचे नसते. निम्मे काम दीक्षा न घेतलेली बाई करते. सगळेच विश्वासणारे याजक आहेत, हे तत्त्व लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी खरे केले.

टिळकांना स्वतःला या पदातली अडचण कळली होती. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. पगार देणारी संस्था परदेशी असेल, तर पाळक मंडळीचा की मिशनचा, असा प्रश्न उरतोच. टिळकांनी तो पुस्तकात न मांडता पोटावर घेतला. त्यांचा प्रयोग फार टिकला नाही. 1919च्या मे महिन्यात ते गेले. त्याआधी वर्षभर, 5 मे 1918 रोजी, बालकवी जळगावजवळच्या भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून वारले होते.

या वाचनाची मर्यादाही सांगायला हवी. टिळक ब्राह्मण घरातून आलेले, कीर्तन आणि अभंग यांत मुरलेले, छापखान्याच्या जवळचे. नवापूर किंवा साक्रीकडच्या पाड्यावर मावचीत किंवा भिलीत प्रार्थना करणाऱ्या पाळकाचे जग वेगळे आहे. त्याच्यासमोर कविसंमेलन नाही, आजारी मुलाला घेऊन आलेली आई आहे. टिळकांच्या मापाने त्याला मोजणे अन्यायाचे होईल. पण एक प्रश्न दोघांनाही विचारता येतो: तुमच्या दारात आलेला माणूस तुमचा झाला नाही, तर त्याचे पालन थांबते का? थांबले, तर गल्लीतला 'पाद्री' हा शब्द खरा ठरतो. न थांबले, तर मंडळीने दिलेले नाव खरे ठरते.

नगरच्या टिळकांना लक्ष्मीबाई लाभल्या, म्हणून त्यांच्या घराचे दार आपल्याला आतून दिसले. खानदेशातल्या पाळकांच्या घरांतही कुणीतरी बाई हिशेब पुरा करीत असेल. तिने तो लिहावा आणि आपण तो वाचावा.