साच्यापाशी कोण उभा आहे?

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (संग्रह १९६३) आपण अस्पृश्यतेची कथा म्हणून वाचत आलो. मी ती कामगारांची कथा म्हणूनही वाचतो. जात दडवून रेल्वेत कामाला लागलेल्या कथानायकाला सहकारी मान देतात. जात कळताच तेच त्याला मारतात. त्यासाठी कोणा साहेबाच्या हुकमाची गरज पडत नाही. ‘सगळे कामगार एक’ म्हणणाऱ्या समीक्षेने या मारापाशी थांबायला हवे होते.

कारण ही केवळ कल्पना नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत मजुरी अधिक त्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळ मानीत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मज्जाव उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवली. १९३८ साली मनमाडला त्यांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या संपात मात्र ते कम्युनिस्टांबरोबर उतरले. म्हणजे त्यांचा झगडा एकजुटीशी नव्हता. वाटणीवाचूनच्या एकजुटीशी होता.

सत्ता म्हणजे सभेतले अध्यक्षपद नव्हे. चांगल्या मजुरीच्या साच्यापाशी कोणी उभे राहायचे हे ठरवणे, ही सत्ता. पुढाऱ्याची पारख तिथेच व्हावी, आणि लेखकाचीही. बागूल या कसोटीला उतरतात. ‘कामगार’ हा शब्द बिनजातीचा समजणारी समीक्षा उतरत नाही.