एका विद्यार्थिनीची प्रार्थनावही

आध्यात्मिक दैनंदिनी वाचावयास घेताना आमच्या मनात नेहमी एक शंका असते. लिहिणाऱ्याची दृष्टी देवाकडे लागलेली आहे, की पुढेमागे ही पाने वाचणाऱ्या माणसांकडे? अमेरिकन कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर (१९२५-१९६४) हिची 'अ प्रेअर जर्नल' ही छोटीशी वही हाती आली तेव्हाही ही शंका मनात होतीच. परंतु पहिल्याच पानावर आम्ही थबकलो. वहीची सुरुवातीची पाने गहाळ झाली आहेत. जे पहिले वाक्य उरले आहे तेही अर्धवट आहे, आणि त्यात ती हीच कबुली देते की, देवाचा विचार करण्याऐवजी आपण येथे लेखनकौशल्य दाखवू लागलो आहोत. जी शंका आम्ही घ्यावयाची, ती तिने स्वतःच घेतली होती!

वही लिहिण्यास आरंभ झाला १९४६ च्या जानेवारीत, आणि शेवटची नोंद आहे १९४७ च्या सप्टेंबरातील. जॉर्जिया राज्यातील कॅथलिक कुटुंबातली ही मुलगी वयाच्या विसाव्या वर्षी घरापासून दूर आयोवा विद्यापीठात लेखनकलेचे शिक्षण घेण्यासाठी आली होती. वडील १९४१ मध्येच निवर्तले होते. वसतिगृहातील खोली, वर्गात वाचून दाखवायच्या कथा, प्राध्यापकांची मते, परत आलेली हस्तलिखिते, असा तिचा दिनक्रम. या धबडग्यातून वेळ काढून तिने एका साध्या शालेय वहीत देवाला पत्रे लिहावीत तशा या नोंदी लिहिल्या. छापण्याचा विचार नव्हता. तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१३ साली, ही वही पुस्तकरूपाने आली. शेवटी मूळ हस्ताक्षरातील पानेही छापली आहेत. ती अवश्य पाहावीत. अशी वही आपल्याही घरातील एखाद्या मुलीच्या दप्तरात सापडेल असे वाटते.

या वहीचे पहिले मोल तिच्या प्रांजळपणात आहे. पाठ केलेल्या प्रार्थना ओठांवर येतात, पण मन भलतीकडेच भटकते, हे ती लपवीत नाही. विद्यापीठात श्रद्धेविरुद्ध जे युक्तिवाद कानी पडतात ते इतके पटण्यासारखे असतात की त्यांत सापडण्याची भीती वाटते, असे ती सांगते. चारचौघांत हुशार दिसावे म्हणून आपण दररोज इतरांविषयी अनुदार बोलतो, ही तिची कबुली वाचताना आम्हास आमचेच काही प्रसंग आठवले. एका ठिकाणी ती देवाला चंद्राची कोर म्हणते आणि स्वतःला पृथ्वीची सावली. सारा चंद्र दिसत नाही, कारण तिची स्वतःचीच सावली आड येते. ही सावली वाढत जाऊन चंद्रच झाकून टाकील की काय, ही तिची भीती. विसाव्या वर्षी अहंकाराचे इतके नेमके निदान करणारी लेखणी विरळाच. शेवटची नोंद तर अनेक भाविकांना खटकेल. ओटची बिस्किटे आणि कामुक विचार या दोहोंच्या बाबतीत आपण अधाशी ठरलो, असे नमूद करून ती वही मिटते. समारोपाची गोड प्रार्थना नाही, विजयाचा उद्घोष नाही. आमच्या मते हा शेवट खरा आहे.

दुसरे मोल असे की, तिने अभ्यास आणि भक्ती यांचे दोन कप्पे केले नाहीत. चांगली कथा लिहिता यावी म्हणून ती देवाजवळ हट्ट धरते. आणि कथा साधली तर ती देवाचीच, हेही स्वतःला बजावते. 'परीक्षा जवळ आली, म्हणून रविवारची मिस्सा चुकली' हे वाक्य आमच्या कानांना फार परिचित आहे. या मुलीने परीक्षेलाच प्रार्थनेत ओढून आणले.

येथवर स्तुती झाली. आता उणिवेविषयी. बायबलमधील एखादा उतारा समोर ठेवून केलेले चिंतन या वहीत जवळजवळ आढळत नाही. ब्लॉय, बर्नानोस, काफ्का या लेखकांची नावे येतात. परंतु इसहाकाला घेऊन डोंगर चढणारा अब्राहाम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, रात्री येशूकडे आलेला निकदेम यांच्यापैकी कोणी तिच्या खोलीत येऊन बसत नाही. ती देवाशी पुष्कळ बोलते. देव काय बोलला हे ऐकण्यासाठी मात्र तिला आपल्याच मनाकडे वळावे लागते. म्हणून काही पानांवर ती स्वतःभोवतीच फिरत राहते, आणि हे तिलाही जाणवते.

हा दोष तिच्या एकटीचा नव्हे. त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. कॅथलिक घरांत धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि प्रार्थनापुस्तक असे, बायबलचे नित्य वाचन क्वचित. बाराव्या पायस परमगुरूंनी १९४३ साली बायबलच्या अभ्यासाला मोठे उत्तेजन दिले खरे. परंतु सर्व भाविकांनी पवित्र शास्त्र वाचावे, आणि वाचनाला प्रार्थनेची जोड देऊन देव व मानव यांचा संवाद घडू द्यावा, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने निःसंदिग्धपणे सांगितले ते १८ नोव्हेंबर १९६५ रोजी. फ्लॅनरी त्याआधी वर्षभर निवर्तली होती.

तथापि तिने ही उणीव स्वतः ओळखली होती. प्रॉटेस्टंट प्रदेशातील कॅथलिक लेखकाविषयी पुढे लिहिलेल्या निबंधात ती म्हणते, त्याचा आशय असा: दक्षिणेतील गरिबातल्या गरीब माणसालाही बायबलच्या कथा ठाऊक असतात, त्यामुळे त्याच्या साध्या कृतीलाही शाश्वताचा संदर्भ लाभतो, कॅथलिकांनी हे त्यांच्याकडून शिकावे. आणि १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे 'द व्हायलंट बेअर इट अवे' हे नाव तिने घेतले ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातून. वहीत जो आवाज ऐकू येत नव्हता, तो कादंबरीत ऐकू आला.

आता आपल्याकडे वळू. मराठी ख्रिस्ती माणसाला या बाबतीत फार मोठा वारसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यात श्रोता शंका विचारतो आणि पाद्री-गुरू उत्तर देतो. आज फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मुळे पवित्र शास्त्र सहज मराठीत आपल्या हाती आहे. फ्लॅनरीला जे लाभले नाही ते आपल्या मुलांना लाभले आहे. मग अडते कोठे?

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. आमच्या धर्मग्रामात बायबल प्रश्नमंजूषा आम्ही मोठ्या उत्साहाने घेत असू. सलग तीन वर्षे पहिले पारितोषिक मिळविणारी एक मुलगी पुढे शिक्षणासाठी शहरातील वसतिगृहात गेली. सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, "फादर, मला सगळी उत्तरं अजून पाठ आहेत. पण रात्री एकटी असताना बायबल उघडून काय करायचं, तेच कळत नाही." आमच्यापाशी उत्तर नव्हते. ख्रिस्तपुराणात प्रश्न श्रोता विचारतो. आमच्या प्रश्नमंजूषेत सारे प्रश्न आम्हीच विचारले होते.

फ्लॅनरीने एका पत्रात लिहिले आहे की, आयोवातील सेंट मेरी चर्चमध्ये ती तीन वर्षे जवळजवळ रोज सकाळी जात असे, आणि तेथील एकाही भाविकाशी वा धर्मगुरूशी तिची ओळख नव्हती. दारातून आत शिरताच घरी आल्यासारखे वाटे, एवढे तिला पुरेसे होते. तिची तक्रार नव्हती. परंतु धर्मगुरू म्हणून आम्ही हे वाक्य सहजपणे वाचू शकलो नाही. मागच्या बाकावर रोज येऊन बसणाऱ्या मुलीचे नावदेखील कोणी विचारू नये?

या वहीने आम्हास दोन गोष्टी शिकविल्या. बायबलचा अभ्यास म्हणजे केवळ माहिती नव्हे. ऐकल्यावर उलट बोलावे लागते, प्रसंगी भांडावेही लागते. आणि प्रार्थना म्हणजे केवळ मनोगत नव्हे. बोलण्याआधी ऐकावे लागते. फ्लॅनरीपाशी वही होती, पण शेजारी बायबल उघडलेले नव्हते. आमच्या मुलांपाशी बायबल आहे, पण वही नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी घराबाहेर पडेल तेव्हा सामानात नव्या कराराची एक प्रत ठेवा, आणि तिच्यासोबत एक कोरी वही. रोज थोडे वाचावे आणि दोन ओळी देवाला लिहाव्यात, एवढेच सांगा. सुट्टीत ती वही दाखव, असे मात्र कधी म्हणू नका. आम्हीही यंदा प्रश्नमंजूषेच्या दिवशी मुलांना एकच काम देणार आहोत: तुमचे प्रश्न लिहून आणा.